खाजनाच्या वाट्याला गेलेलं मशीन

कोरगावात उतरून सगुण परबांचं घर विचारलं, तर लोक आधी उलट विचारतात, "मशीनवाले परब?" पेडणे तालुक्यात परब पुष्कळ आहेत. मशीनवाले एकच.

मशीन म्हणजे स्टिरिओ ॲम्प्लिफायर. सगुण परब सहकारी संस्थेतल्या कारकुनीतून निवृत्त झाले आहेत आणि त्यांच्या मागच्या खोलीत भिंतभर फळ्यांवर जुने ॲम्प्लिफायर मांडलेले आहेत. एक डिचोलीचा, खाणीच्या मॅनेजरच्या बंगल्यातून आलेला. त्याचं झाकण काढलं तेव्हा आत खनिजाची लाल धूळ थरानं बसली होती. रंगाच्या ब्रशनं ती सगळी काढली, तरी मशीन तापलं की अजून मातीचा वास सुटतो. एक वाळपईच्या बाजारातल्या लाकूड व्यापाऱ्याकडचा. तो गोड वाजतो, पण त्याची एक बाजू अधूनमधून रुसते. बाकीचे म्हापशाचे, पणजीचे, एक थेट सावंतवाडीहून आणलेला.

ते लावायची वेळ दुपारची, जेवण आटोपल्यावर. संध्याकाळी गावात दिवे, पंखे आणि पंप एकदम सुरू होतात नि विजेचा दाब उतरतो. त्या वेळी मशीन लावणं म्हणजे उपाशी बैलाला नांगराला जुंपणं, असं सगुण म्हणतात. बटण फिरवल्यावर ते लगेच रेकॉर्ड लावत नाहीत. काचेच्या व्हॉल्व्हमधल्या तारा आधी तांबूस होतात, मग नारिंगी. स्पीकरमधून अगदी बारीक घुमणं येतं आणि विरतं. मग ते सुई टेकवतात आणि खुर्चीत जाऊन बसतात. गाणं चालू असताना बोललेलं त्यांना चालत नाही. त्यांची पत्नी शालिनी चहा आणून ठेवते, तोसुद्धा बशी न वाजवता.

पाहुण्याला ते प्रत्येक मशीनची ओळख करून देतात. कोणतं कुठं बनलं, कुठलं किती वीज खातं, कशाचा खर्ज चांगला. यातलं सर्वांत चांगलं कोणतं, असं विचारलं की ते म्हणतात, "हे सगळे मी विकत घेतलेले." हे त्या प्रश्नाचं उत्तर नव्हे, हे त्यांनाही माहीत आहे.

जे त्यांनी विकत घेतलं नाही, ते त्यांच्या वडलांनी घेतलेलं होतं.

बाबाजी परब नारळाचे व्यापारी. शुक्रवारच्या बाजाराला म्हापशाला जायचे. गोवा मुक्त झाल्यावर काही महिन्यांनी म्हापशातला एक पोर्तुगीज अधिकारी घरचं सामान विकून मायदेशी निघाला होता. बाबाजी गेले होते त्याच्याकडचं शिसवी मेज घ्यायला. ते मेज घेऊनच परतले, पण मेजावर एक जर्मन ॲम्प्लिफायर होता, त्याच्यासोबत कमरेइतक्या उंच दोन स्पीकरच्या पेट्या, रेकॉर्ड प्लेअर आणि पोर्तुगीज गाण्यांच्या थोड्या रेकॉर्डी.

कोरगावात तेव्हा वीज नव्हती. लवकर येईल अशी चिन्हंही नव्हती.

"घरांत दिवो ना, आनी हे मशीन घेवन इले," बाबाजींची पत्नी पार्वती शेजारणींना सांगायची. बाबाजी म्हणायचे, दिवा आज ना उद्या येणार. तो आल्यावर असं मशीन मिळणार नाही. ते खरं ठरलं. आधी म्हापशाला उतरणारा परदेशी माल नंतर बंद झाला. वीज मात्र सात वर्षांनी आली. तोवर ते मशीन पुढच्या वसरीत, म्हणजे ओसरीत, मेजावर कापडाखाली होतं. थोरला सगुण आणि पाच वर्षांनी धाकटा बाबली ते दर शनिवारी पुसायचे. बटणं फिरवून बघायचे. आवाज नसलेल्या मशीनचं कोणतं बटण कशाचं, हे दोघांना पाठ झालं होतं.

१९६९ साली खांब आले, तारा आल्या. पहिल्या दिवशी वाड्यावरची अर्धी वस्ती घरापुढच्या खळ्यात जमली. बाबाजींनी पोर्तुगीज रेकॉर्डच लावली, कारण घरात दुसरी नव्हती. डाव्या पेटीतून एक गिटार वाजू लागली, उजवीतून दुसरी, आणि बाईचा आवाज दोन्ही पेट्यांच्या बरोबर मधून आला, जिथं नुसती भिंत होती तिथून. एक म्हातारी उठून भिंतीमागे कोण आहे ते बघून आली.

पुढे मराठी नाट्यगीतांच्या रेकॉर्डी आल्या, भजनं आली. पण त्यातल्या बहुतेकांत दोन्ही पेट्यांतून एकच आवाज यायचा. भिंतीतून गाणारी ती बाई पोर्तुगीजच राहिली. तिचा एक शब्दही न कळता दोघा भावांना तिची सगळी गाणी पाठ होती.

म्हापशातल्या एका रेडिओ मेकॅनिककडे रविवारी बसून सगुण दुरुस्ती शिकले. व्हॉल्व्हचे पाय घासणं, जुने कपॅसिटर बदलणं, डाग देणं. बाबलीला त्यातलं काही येत नव्हतं. पण त्याला कान होता. तो खळ्यात सुपारी सोलत बसलेला असायचा आणि तिथूनच म्हणायचा, "दादा, उजवी बसली रे." सगुणना फरक कळलेला नसायचा. ते आत बघायचे, आणि उजव्या बाजूचा व्हॉल्व्ह खरोखर ढिला झालेला असायचा.

सगुण पेडण्याला नोकरीला लागले. बाबली घरी राहिला आणि त्यानं कुळागर सांभाळलं. कुळागर म्हणजे पाटाच्या पाण्यावरची माड-पोफळींची बाग. परबांची सगळी मिळकत तीच. त्याशिवाय खाडीकाठचं खाजन शेत होतं. भरतीचं पाणी बांधानं अडवून तिथं भात लावायचं. पण बांध फुटायचा, खारं पाणी शिरायचं आणि दोन-तीन वर्षं जमीन नापीक पडायची. आणि एक खडकाळ काजूचा तुकडा होता, तो कुणी मोजत नसे.

बाबाजी गेले. १९८८च्या पावसात पार्वती गेली. गोव्याला राज्याचा दर्जा मिळून एक वर्ष झालं होतं, कोकणी-मराठीचा वाद नुकताच निवला होता. दोन चुली आधीच वेगळ्या झाल्या होत्या, भांडण नव्हतं. दोघेच भाऊ, बहीण नाही. वाटणी करून टाकावी, असं ठरलं.

परबांच्या वाड्यावर वाटणीची एक रीत आहे. थोरल्यानं दोन वाटे मांडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. मांडणाऱ्याला निवड नाही, निवडणाऱ्याला मांडणी नाही. त्यामुळे थोरला आपण होऊन वाटे सारखे करतो. वाटे मांडण्याआधी भावांनी आपसात त्याबद्दल बोलायचं नसतं. बोलणं झालं की वाटणी उष्टी झाली, असं म्हणतात.

सगुणनी वाटे सारखे केले नाहीत.

त्यांना मशीन हवं होतं. पण जमिनीच्या वाटणीत पंचांसमोर गाण्याचं मशीन मागणं त्यांना पोरकट वाटलं. मागितलं असतं तर रीतही मोडली असती. मग त्यांनी असं केलं: एका वाट्यात संपूर्ण कुळागर, विहीर आणि घराचा मागचा भाग. दुसऱ्या वाट्यात खाजन, काजूचा तुकडा आणि घराची पुढची वसरी, तिथल्या सामानासकट. मशीन वसरीत होतं. बाबली जन्मभर कुळागरात राबला होता. तो कुळागरच उचलणार, यात सगुणना शंका नव्हती. आपण नोकरदार, पगार आहे, खाजनावर काही अडत नाही. भावाला सोन्यासारखी बाग मिळेल आणि आपल्याला मशीन. हा व्यवहार त्यांना उदार वाटला. अजूनही त्याबद्दल बोलताना ते म्हणतात, "लोभ म्हणून केलं नव्हतं." मग म्हणतात, "पण सरळही केलं नव्हतं."

ठरल्या दिवशी देवाच्या खोलीसमोर पाट मांडला. पाटावर तांदूळ, तांदळावर दोन नारळ, एकेका वाट्याचा एकेक. वाड्यावरची पाच माणसं बसली होती. कुठला नारळ कशाचा, ते मोठ्यानं सांगून झालं. दोन्ही वाट्यांतला फरक ऐकून पंचांनी एकमेकांकडे पाहिलं, पण मांडणी थोरल्याची. त्यातल्या सर्वांत म्हाताऱ्यानं बाबलीला म्हटलं, "भाशेवयल्यान दोन वर्सां झगडलों, आता जमनीवयल्यान नाका. उचल रे पुता."

बाबलीनं उजवीकडचा नारळ उचलला.

"बाबली, तो खाजनाचो," म्हातारा म्हणाला.

"माका दिसता."

"मगे कित्याक?"

"दादाक दोन चेडवांची लग्नां करूची आसत. कुळागर ताका रवांदी. हांव कष्ट करून खातलों."

पंचांनी त्याची वाहवा केली. असा भाऊ मिळायला भाग्य लागतं, असं दोघा-तिघांनी सगुणना ऐकवलं. सगुणनी उरलेला नारळ उचलला. त्या वेळी बोलायला हवं होतं, असं ते म्हणतात. पण बोलायचं काय? मी तुला फसवून चांगली बाग देत होतो आणि तू घेतली नाहीस, हे?

दारात उभी असलेली बाबलीची बायको विनोदिनी नवऱ्याला एवढंच म्हणाली, "मोठेपण मेळलां. आता खारां पाणी पी."

घराच्या मधोमध चिऱ्याची भिंत उभी राहिली. मशीन पलीकडे गेलं. सुरुवातीला बाबली दुपारचं लावायचा. भिंतीतून शब्द येत नसत, खर्ज तेवढा यायचा. एक दिवस सगुणना जाणवलं की एक बाजू बसली आहे. या खेपेला ते त्यांना स्वतःला कळलं होतं. पाच मिनिटांचं काम होतं. ते उठले, खळ्यातून बाबलीच्या दारापर्यंत गेले आणि परत आले.

"गेलो असतो तर रोज गेलो असतो," ते सांगतात, "आणि एक दिवस तोंडातून निघालं असतं."

बाबलीनं बोलावलं नाही असं नव्हे.

"दादा, एकदा येवन बघ मां. बरां वाजना."

"तुझी वस्तू. मेकॅनिकाक दाखय."

त्या आठवड्यानंतर भिंतीपलीकडून आवाज आला नाही.

खाजनाचा बांध पुढच्याच पावसात फुटला. बाबलीनं तो बांधला, तो पुन्हा फुटला. काही वर्षं हे चाललं. शेवटी विनोदिनीच्या भावानं हरमलला समुद्रापासून थोडी आत जागा मिळवून दिली. तिथं चार खोल्या बांधून पर्यटकांना द्यायच्या आणि सकाळी चहा, उंडे पाव, ऑम्लेट करून घालायचं, असं ठरलं. कुटुंब निघालं. सामानाच्या टेम्पोत मशीनही चढलं. ते चढवताना सगुणनी एका कोपऱ्याला हात लावला.

"खाऱ्या वाऱ्यांत दवरू नको हां," ते म्हणाले.

"खाऱ्या वाऱ्याभायर माझां घर खंय आसा, दादा?" बाबली हसून म्हणाला. तो टोमणा नव्हता, असं सगुण म्हणतात. टोमणा असता तर बरं झालं असतं.

कुळागर सगुणना झेपलं नाही. झाड बघून त्याला काय हवं ते त्यांना कळत नाही. बेळगावकडचे मारुती आणि शेवंता हे जोडपं ते पाहतं, आणि चांगलं पाहतं. मुलींची लग्नं त्याच उत्पन्नावर झाली. त्यानंतर पहिलं मशीन आलं, डिचोलीचं. मग दुसरं. "चेडवां भायर दिली, आता मशीनां घरांत घेतात," शालिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. प्रत्येक मशीन सगुण स्वतः उघडायचे, साफ करायचे, दिवसच्या दिवस त्यात घालवायचे. वाजू लागलं की खूश व्हायचे. हे सुख खोटं नव्हतं. डिचोलीच्या मशीनवर त्यांनी सनई ऐकली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं, असं शालिनी सांगते, ते नाकारतात. पण सुख आठवडाभर टिकायचं आणि मग ते पुढच्या मशीनच्या चौकशीला लागायचे.

घरचा गणपती मूळ घरातच बसतो, त्यामुळे बाबली दर चवथीला बायको-मुलगा प्रज्योत यांच्यासह यायचा. भावाची मशीनं बघायचा, ऐकायचा, "बरां आसा" म्हणायचा. आपल्याकडच्या मशीनचा विषय काढायचा नाही. सगुणही काढायचे नाहीत.

२००४ साली पाऊस संपल्यावर, चवथ नसताना, बाबली आला. प्रज्योतच्या पिकअपमध्ये मागे गोधडीत गुंडाळलेलं मशीन, त्याच्या दोन पेट्या आणि जुन्या रेकॉर्डी होत्या.

"दादा, हें बोलना जालां."

मागच्या खोलीत मेजावर ठेवून सगुणनी तळाचे स्क्रू काढायला घेतले. दोन निघाले, दोन गंजून बसले होते. आत तांब्यावर हिरवं चढलं होतं, लोखंडावर मिठाची पांढरी साय. एक ट्रान्सफॉर्मर जळाला होता. सगुण एकेक भाग पाहू लागले. बाबली खुर्चीत बसून बोलत राहिला. हरमलला एक म्हातारा जर्मन दर हिवाळ्यात उतरायचा, तो हे मशीन बघून लहान मुलासारखा खाली बसला. विकतोस का, म्हणाला. चांगला दर देऊ करत होता.

"मगे?"

"मगे कितें? ताका सांगलां, दादान दिल्लां आसा, विकूचां नाय."

सगुणचा हात थांबला. "हांवें खंय दिलां? वाट्यांत गेलां तुका."

"वाटे कोणे मांडले?" बाबली म्हणाला. "तूं खाजनाच्या वाट्यांत मशीन घातलंय तेन्नाच माका कळलां. जो वायट वाटो घेतलो, ताका दादा आपली बरी वस्तू दिता. म्हणान तर उचललंय. नायतर विनोदिनी माका घरांत घेतली आसती?"

आतून शालिनी हसली. सगुण हसले नाहीत. गप्प राहता आलं असतं. भावाचा तो समज पंधरा वर्षं टिकला होता आणि त्यानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण न केलेल्या उपकाराचे आभार समोर बसून ऐकणं त्यांना जमलं नाही.

"बाबली," ते म्हणाले, "तां हांवें माझ्यासाठी घातलेलां."

मग त्यांनी सगळं सांगितलं. बाबलीनं मध्ये तोडलं नाही. संपल्यावर त्यानं दोनच गोष्टी पक्क्या करून घेतल्या.

"म्हणजे हांव कुळागरच उचलतलों, अशी तुका खात्री होती."

"होय."

"आनी तुका मशीन जाय होतां."

"होय."

बाबलीनं मेजावरचे दोन सुटे स्क्रू एका बाजूला सारले. "मगे मागलां कित्याक नाय, दादा? आदल्या दिसा सांगलां आसतां, तरी दिलां आसतां. रीत उष्टी जाली आसती. जांवदी."

सगुणनी दुसरंच काढलं. अर्धं कुळागर तू घे, म्हणाले. कागद करून टाकू.

"ह्या वयार माडार कोण चडतलो?" बाबली म्हणाला. "तूं?"

तो उठला. मशीन घेऊन जाण्यासाठी प्रज्योतनं गोधडी उचलली, तसं बाबलीनं त्याला खुणेनं थांबवलं. "रवांदी हंयच. दादाचांच तां."

विनोदिनी नंतर शालिनीला फोनवर म्हणाली की दादांनी सांगायला नको होतं. पंधरा वर्षं दर पावसात हे माणूस त्या मशीनखाली कोळशाचा निखारा ठेवून दमट हवा मारत बसायचं. भाताला इतकं जपलं नाही. "खऱ्याचो फायदो कोणाक जालो, सांग माका," ती म्हणाली. शालिनीनं ते नवऱ्याला जसंच्या तसं सांगितलं.

हिवाळाभर सगुण त्या एका मशीनवर होते. ट्रान्सफॉर्मर म्हापशाला पुन्हा गुंडाळून घेतला. व्हॉल्व्ह मुंबईहून मागवले. पेट्यांमधले बुरशी धरलेले कागदी शंकू पणजीत बदलून घेतले. फेब्रुवारीत दोन्ही बाजू बोलू लागल्या. पोर्तुगीज बाई पुन्हा भिंतीतून गायली, भिंत फक्त दुसरी होती. आवाज पूर्वीसारखा आहे का, हे सगुण सांगू शकत नाहीत. त्यांना वाटतं, डावीकडे काहीतरी कमी आहे. आत सगळं मोजून बघितलं, सगळं बरोबर निघालं. तरी वाटतं.

त्या वर्षी चवथीला बाबली आला. नेहमीसारखी त्यानं गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधली, आरतीला झांज धरली, भावाच्या ताटात स्वतः नेवरी, म्हणजे करंजी, वाढली. वागण्यात कुणाला काही दिसलं नसतं. दुपारी पानं उचलल्यावर सगुणनी विचारलं, "बाबली, मशीन लागता. आयकूक येतलंय?"

"मागीर," बाबली म्हणाला, म्हणजे नंतर, आणि पाठ टेकायला गेला. दीड दिवसाचा गणपती पोचवून मंडळी हरमलला परतली. खोल्यांवर पाहुणे होते.

पुढच्या चवथीलाही सगुणनी विचारलं. बाबलीनं "मागीर" म्हटलं. सगुण म्हणतात, आता दर वर्षी विचारणार. एकदा विचारलं नाही त्याचं काय झालं ते आपण बघितलं आहे.

गेल्या चवथीला ते विसर्जनानंतर विचारायला गेले. बाबली शिडीवर होता.

"मागीर, दादा," तो म्हणाला, आणि माटोळीच्या गाठी सोडवत राहिला.